घोटभर दुधासाठी पावणेतीनशे वर्षे

जन्मास आलेल्या बालकाची पहिली कृती म्हणजे श्वास आणि दुसरी म्हणजे दुधाचा घोट. या दोन कृतींसाठी निसर्गाने मानवी देहात दोन स्वतंत्र मार्ग निर्माण केलेले आहेत. पुढील बाजूस श्वासनलिका आणि तिच्या पाठीशी अन्ननलिका. घशापासून छातीपर्यंत या दोन नळ्या एकमेकींना खेटून खाली उतरतात. परंतु घशाच्या खाली त्यांच्यामध्ये कोठेही दार नसते. वारा आपल्या वाटेने जातो, अन्न आपल्या वाटेने जाते. आपण दिवसातून शेकडो वेळा आवंढा गिळतो, पण या व्यवस्थेची आठवणही आपल्याला होत नाही.

सुमारे अडीच ते साडेचार हजार जन्मांमागे एका बालकात मात्र ही व्यवस्था जन्मतःच बिघडलेली असते. अशा बहुतेक बालकांत अन्ननलिका मध्येच तुटलेली असते. तिचा वरचा भाग एखाद्या पिशवीसारखा खाली बंद झालेला असतो आणि जठराकडून वर येणारा खालचा भाग थेट श्वासनलिकेला जाऊन मिळालेला असतो. या अनैसर्गिक जोडमार्गाला वैद्यकात ‘फिस्टुला’ म्हणतात आणि अन्ननलिका बंद असण्याला ‘एट्रेशिया’ म्हणतात. अशा बालकाने घेतलेला दुधाचा घोट जठरात पोहोचत नाही. तो वरच्या पिशवीत साचतो आणि ओसंडून फुप्फुसात जातो. इकडे प्रत्येक श्वासाबरोबर हवा त्या जोडमार्गाने जठरात शिरते, पोट फुगते, आणि जठरातील आम्ल उलट दिशेने वर चढून फुप्फुसे पोळून काढते. भूक आणि श्वास या दोन्ही गोष्टी एकाच वेळी त्या जिवाच्या विरुद्ध उभ्या राहतात.

या विकाराचे पहिले लिखित वर्णन इ. स. १६७० मधील आहे. त्यावरील एकसंध शस्त्रक्रियेने पहिले बालक वाचले ते इ. स. १९४१ मध्ये. मधली पावणेतीनशे वर्षे हा विकार ठाऊक होता, परंतु त्यावर इलाज नव्हता. ही वाटचाल एखाद्या अलौकिक प्रतिभेच्या एका झेपेची नव्हे. आपले अपयश प्रामाणिकपणे नोंदवून पुढच्याच्या हाती देणाऱ्या माणसांची ती परंपरा आहे, आणि म्हणूनच ती जाणून घेण्याजोगी आहे.

पहिल्या नोंदी

इंग्लंडमधील विल्यम डर्स्टन या वैद्याने १६७० मध्ये प्लिमथ येथे जन्मलेल्या जोडलेल्या जुळ्या बालकांची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या जुळ्यांपैकी एकाची अन्ननलिका वरून खाली येताना मध्येच बंद झालेली होती, असे त्याने नमूद केले. या विकाराचा हा पहिला ज्ञात उल्लेख होय.

विकाराचे नेहमीचे स्वरूप, म्हणजे वरचा भाग बंद आणि खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला, हे मात्र प्रथम टिपले टॉमस गिब्सन याने. नोव्हेंबर १६९६ मध्ये त्याला एक तान्हे बालक पाहण्यास बोलावण्यात आले. ते बालक समोर आलेले अन्न अधाशीपणे तोंडात घेई. परंतु गिळू लागताच गुदमरे आणि सारे बाहेर येई. बालक दगावले. गिब्सनने दोन शल्यवैद्यांच्या साह्याने शवविच्छेदन केले. त्यांनी घशातून अन्ननलिकेत नळीने हवा फुंकली. ती जठरापर्यंत गेली नाही. मग जठराच्या बाजूने हवा फुंकून पाहिली. हवेला वाट मिळत होती, पण ती घशातून बाहेर पडत नव्हती. मग ती जाते कोठे? त्यांनी अन्ननलिका दोन्ही टोकांकडून उघडत नेली. मधला सुमारे एक इंचाचा भाग पोकळ नव्हताच, आणि दोन्ही बंद टोके आतून गुळगुळीत होती. त्याच्या लगेच खाली, श्वासनलिका दुभंगते त्या जागेच्या किंचित वर, एक लंबवर्तुळाकार छिद्र त्यांना आढळले. हवेचा मार्ग सापडला होता. १६९७ मध्ये गिब्सनच्या शरीररचनाशास्त्रावरील ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत हे वर्णन छापले गेले. सव्वातीनशे वर्षांनंतरही त्यात दुरुस्ती करावी असे फारसे काही नाही. एका फुंकरीचा माग काढत त्या वैद्याने निसर्गाची चूक अचूक शोधली होती. ती सुधारण्याचे साधन मात्र त्याच्या काळापाशी नव्हते.

त्यानंतर दीडशे वर्षे अशी बालके अधूनमधून आढळत राहिली आणि त्यांच्या नोंदी विखुरलेल्या राहिल्या. १८६१ मध्ये डेन्मार्कमधील हाराल्ड हिर्शस्प्रुंग या बालरोगतज्ज्ञाने पूर्वीची दहा आणि स्वतः पाहिलेली चार अशी चौदा उदाहरणे एकत्र मांडली. त्यामुळे हा एखाददुसरा चमत्कारिक योग नसून एक निश्चित स्वरूपाचा जन्मजात विकार आहे, हे वैद्यकाच्या ध्यानात आले. १८६९ च्या सुमारास लंडनचे शल्यवैद्य टिमथी होम्स यांनी यावर शस्त्रक्रिया करण्याची कल्पना बोलून दाखविली. पण तसा प्रयत्न करू नये, असेही त्यांनी लगोलग सांगून टाकले. त्या काळाचा विचार करता हा सल्ला भित्रेपणाचा म्हणता येणार नाही. छाती उघडताच फुप्फुस आकसते आणि रुग्ण श्वासाविना जातो, यावर तेव्हा उपायच नव्हता.

धाडस आणि निराशा

१८८८ मध्ये इंग्लंडमधील चार्ल्स स्टील या शल्यवैद्याने अशा एका बालकावर पहिली ज्ञात शस्त्रक्रिया केली. अन्ननलिकेत एखादा पातळ पडदा आडवा आला असावा आणि तो भेदला की वाट मोकळी होईल, अशी त्याची अपेक्षा होती. क्लोरोफॉर्मची भूल देऊन त्याने जठर उघडले आणि खालून वर सळई सरकवली. पडदा नव्हताच. बालक दुसऱ्या दिवशी दगावले. शवविच्छेदनात दोन्ही बंद टोकांमध्ये दीड इंचाचे अंतर आढळले.

यानंतर अनेकांनी केवळ पोटावर छिद्र पाडून जठरात नळी घालण्याचा आणि तीतून दूध देण्याचा मार्ग अनुसरला. वरवर पाहता तो सयुक्तिक वाटतो. भुकेल्या बालकाच्या पोटात दूध तर गेले! परंतु जोडमार्ग तसाच उघडा असल्याने जठरातील तेच दूध वर चढून फुप्फुसात जाई आणि बालक न्युमोनियाने दगावे. खरा शत्रू तुटलेली अन्ननलिका नसून तो जोडमार्ग आहे, हे उमजण्यास आणखी काही वर्षे लागली. १९१३ मध्ये शिकागोचे शल्यवैद्य रिक्टर यांनी आधी छाती उघडून जोडमार्ग बांधून टाकावा आणि मग जठरात नळी घालावी, असा मार्ग सुचविला आणि तसा प्रयत्नही केला. त्यांचे रुग्ण वाचले नाहीत. परंतु उपचारांचा क्रम त्यांनी योग्य लावून दिला होता.

बत्तीस मृत्यूंची वही

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा लेख कोणता, असे विचारले तर अनेक जाणकार यशाच्या नव्हे, तर अपयशाच्या एका लेखाकडे बोट दाखवतात. अमेरिकेतील बॉस्टन येथील बालरुग्णालयाचे शल्यवैद्य टॉमस लॅनमन यांनी १९४० मध्ये बत्तीस बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ती बत्तीसही बालके दगावली होती.

लॅनमन यांनी १९३६ मध्ये फुप्फुसावरील आवरण न फाडता, ते हलकेच बाजूस सारून अन्ननलिकेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग प्रथम अवलंबिला. पाच बालकांत त्यांनी दोन्ही टोके जोडूनही पाहिली. एकही बालक जगले नाही. एवढ्या मृत्यूंनंतर कोणीही हा विषय मिटवून टाकला असता, निदान गप्प तरी बसला असता. लॅनमन यांनी उलट केले. कोणते बालक किती दिवसांचे होते, काय केले, कोठे बिनसले, शवविच्छेदनात काय आढळले, हे सारे त्यांनी व्यवस्थित मांडले. निदान लवकर व्हावे, शिरेतून द्रव देताना तारतम्य राखावे, ऊतींची हाताळणी अत्यंत हळुवार असावी, असे त्यातून निघणारे धडे त्यांनी लिहिले. अनुभव वाढला, तंत्र सुधारले आणि थोडे दैव लाभले, तर यश लवकरच येईल, असा विश्वासही त्यांनी व्यक्त केला. आपल्या हातून गेलेल्या बत्तीस जिवांचा हिशेब जगापुढे ठेवण्यास जे धैर्य लागते, ते शस्त्र चालविण्याच्या धैर्याहून कमी नव्हे.

पहिली जगलेली बालके

लॅनमन यांचा लेख छापून येण्यापूर्वीच परिस्थिती पालटू लागली होती. नोव्हेंबर १९३९ च्या अखेरीस, अवघ्या एक-दोन दिवसांच्या फरकाने, दोन वेगवेगळ्या शहरांत दोन बालकांवर उपचार सुरू झाले. बॉस्टनमध्ये विल्यम लॅड आणि मिनिआपोलिसमध्ये लोगन लेव्हन हे शल्यवैद्य होते. दोघांनीही टप्प्याटप्प्याने जाण्याचे ठरविले. जोडमार्ग बंद करावयाचा, जठरात नळी घालून दूध द्यावयाचे आणि वरच्या पिशवीचे तोंड मानेवर उघडून लाळ बाहेर वाहू द्यावयाची. तुटलेली अन्ननलिका जोडण्याचा हट्ट तूर्त सोडून द्यावयाचा. पुढे मूल मोठे झाल्यावर छातीवरील कातडीची नळी तयार करून मान आणि जठर यांना ती जोडावयाची. ही दोन्ही बालके जगली. मुखाने पहिला घास घेण्यासाठी त्यांना कित्येक वर्षे आणि अनेक शस्त्रक्रियांतून जावे लागले. पण हा विकार म्हणजे मृत्यूच, हे समीकरण त्यांनी मोडले.

१५ मार्च १९४१

मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅन आर्बर येथील रुग्णालय त्या काळी क्षयरोगावरील छातीच्या शस्त्रक्रियांसाठी ख्यातनाम होते. क्षयावर प्रभावी औषध उपलब्ध नसल्याने फासळ्या काढून रोगट फुप्फुस दाबून टाकण्याच्या शस्त्रक्रिया तेव्हा केल्या जात. या कामातून तेथील शल्यवैद्यांचा हात छातीच्या अंतर्भागात सरावलेला होता. त्यांपैकीच एक होते डॉ. कॅमेरॉन हेट. या जन्मजात विकारावर त्यांनीही यापूर्वी प्रयत्न केले होते आणि अपयश सोसले होते.

१५ मार्च १९४१ रोजी त्यांनी बारा दिवसांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया केली. छातीच्या डाव्या बाजूने, फुप्फुसाचे आवरण न उघडता ते आत पोहोचले, जोडमार्ग बांधला आणि अन्ननलिकेची दोन्ही टोके बारीक रेशमी टाक्यांनी एकमेकांना जोडली. सारे सुरळीत पार पडले असे नाही. काही दिवसांनी जोड गळू लागला. अशा गळतीचा अर्थ तोवर मृत्यू असाच होता. पेनिसिलिन अजून रुग्णालयांत पोहोचलेले नव्हते. हेट यांनी घाईने पुन्हा छाती उघडली नाही. जठरातील नळीने पोषण चालू ठेवले आणि वाट पाहिली. गळती आपोआप भरून आली. पुढे जोडाची जागा अरुंद झाली, तीही रुंद करून घेण्यात आली. ती मुलगी रुग्णालयातून घरी गेली तेव्हा वीस महिने उलटले होते, आणि ती स्वतःच्याच अन्ननलिकेतून अन्न गिळत होती.

१९४३ मध्ये हेट आणि त्यांचे बालरोगतज्ज्ञ सहकारी हॅरी टाउस्ली यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. गिब्सनने मोजलेले ते एका इंचाचे अंतर अखेर ओलांडले गेले होते. पुढे हेट यांनी स्वतःची पद्धत बदलली. डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूने जाणे सोयीचे, असे त्यांना आढळले. जगभर बहुतेक ठिकाणी आजही उजवी बाजूच पसंत केली जाते. १९४७ मध्ये लंडन येथे फ्रँकलिन यांना अशाच शस्त्रक्रियेत यश आले, आणि हळूहळू ही विद्या देशोदेशी पसरली.

१९४१ मध्येच हे का साधले, याचे उत्तर एकट्या हेट यांच्या कौशल्यात नाही. श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याचे तंत्र तोवर रुळले होते, त्यामुळे छाती उघडूनही फुप्फुस चालू ठेवता येत होते. शिरेतून द्रव आणि रक्त देण्याची सोय झाली होती. जंतुसंसर्गाविरुद्ध सल्फा औषधे आली होती. क्षयरोगाने छातीची शस्त्रक्रिया शिकवली होती. आणि लॅनमन यांच्या वहीने काय टाळावयाचे ते शिकवले होते. इतके प्रवाह एकत्र आले, तेव्हा कोठे एका तान्ह्या मुलीच्या घशाखाली दूध उतरले.

प्रकार, निदान आणि आजची शस्त्रक्रिया

बॉस्टनचे रॉबर्ट ग्रॉस यांनी १९५३ मध्ये आपल्या ग्रंथात या विकाराचे प्रकार इंग्रजी अक्षरांनी विभागले. ‘सी’ हा प्रकार, म्हणजे वर बंद पिशवी आणि खाली जोडमार्ग, सुमारे ८५ टक्के बालकांत आढळतो. काही थोड्या बालकांत अन्ननलिका अखंड असते, फक्त तिच्या व श्वासनलिकेच्या दरम्यान एक आडवी फट असते. इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा हा प्रकार फसवा असतो. मूल दूध पिते, पण दर वेळी ठसकते आणि त्याला वारंवार न्युमोनिया होतो. निदान होण्यास कित्येकदा महिने, कधी वर्षे जातात. याची फट मात्र बहुधा मानेवरील छेदातून बंद करता येते, छाती उघडावी लागत नाही.

मुख्य प्रकाराचे निदान अत्यंत सोपे आहे. एक ताठर नळी बालकाच्या मुखातून हळूच आत सरकवावयाची. सुमारे दहा सेंटिमीटरवर ती अडली, तर शंका खरी मानावयाची आणि क्ष-किरण चित्र काढावयाचे. जठरात हवा दिसली तर खाली जोडमार्ग आहे, असे समजते. हे साधे ज्ञान प्रसूतिगृहातील प्रत्येकापाशी असले की अर्धे काम होते. १९६३ मध्ये रॉबर्ट रेप्लोगल यांनी दुहेरी पोकळीची एक नळी प्रचारात आणली. ती वरच्या पिशवीत साचणारी लाळ अखंड ओढून घेते, त्यामुळे शस्त्रक्रियेपर्यंत फुप्फुसे सुरक्षित राहतात.

आजची शस्त्रक्रिया तत्त्वतः हेट यांचीच आहे. बालकाच्या छातीच्या उजव्या बाजूस, बहुधा चौथ्या फासळीखालील फटीतून छेद घेतला जातो. फुप्फुसावरील आवरण हलकेच सरकवून शल्यवैद्य श्वासनलिकेपर्यंत पोहोचतात. जोडमार्ग कापून श्वासनलिकेकडील छिद्र बारीक टाक्यांनी बंद केले जाते. मग वरची पिशवी खाली ओढून घेऊन तिचे तोंड उघडतात आणि दोन्ही टोके एकमेकांना शिवतात. शिवणीतून एक बारीक नळी जठरात नेतात. काही दिवसांनी क्ष-किरणांखाली जोड तपासून तोंडाने दूध सुरू होते. दोन-अडीच किलोच्या देहातील ही अन्ननलिका केवळ काही मिलिमीटर रुंद असते. भूलतज्ज्ञाची कसोटी तर शल्यवैद्याहून कमी नसते. त्याला फुप्फुसात हवा भरावयाची असते. पण ती जोडमार्गाने जठरात जाता कामा नये.

टोकांमधील अंतर फार मोठे असेल तेव्हा प्रश्न बिकट होतो. अशा वेळी लंडनचे डेव्हिड वॉटरस्टन यांनी मोठ्या आतड्याचा तुकडा अन्ननलिकेच्या जागी वापरण्याची पद्धत रूढ केली. पुढे त्याच शहरातील लुइस स्पिट्झ यांनी जठरच छातीत वर नेऊन जोडण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. १९९७ मध्ये जॉन फोकर यांनी दोन्ही टोकांना टाके घालून दिवसेंदिवस थोडा थोडा ताण देत त्यांची वाढच घडवून आणण्याची युक्ती मांडली. इ. स. २००० मध्ये स्टीव्हन रोदेनबर्ग यांनी छाती मोठ्या छेदाने न उघडता, दुर्बिणीच्या साह्याने जोडमार्ग बंद करून अन्ननलिका जोडल्याचे प्रसिद्ध केले.

आकड्यांतील प्रवास

या प्रगतीचे मोजमाप दोन अभ्यासांत स्पष्ट दिसते. १९६२ मध्ये वॉटरस्टन यांनी २१८ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध करून त्यांचे तीन गट केले. साडेपाच पौंडांहून अधिक (सुमारे अडीच किलो) वजनाच्या व इतर व्याधी नसलेल्या बालकांपैकी ९५ टक्के वाचत. मधल्या गटात ६८ टक्के वाचत. चार पौंडांहून कमी वजनाच्या, किंवा तीव्र न्युमोनिया अथवा गंभीर जन्मजात व्यंग असलेल्या बालकांपैकी मात्र केवळ ६ टक्के. १९९४ मध्ये त्याच रुग्णालयातील स्पिट्झ यांनी नवे गट मांडले, तेव्हा वजनाची सीमारेषा दीड किलोपर्यंत खाली आलेली होती. त्याहून अधिक वजन आणि हृदयाचा मोठा दोष नसलेल्या बालकांपैकी ९७ टक्के वाचत होती. या दोहोंपैकी एक अडचण असल्यास ५९ टक्के, दोन्ही असल्यास २२ टक्के. शस्त्रक्रिया तीच होती. भोवतालची शुश्रूषा, कृत्रिम श्वसन, शिरेतून पोषण आणि नवजात अतिदक्षता विभाग यांनी हा फरक घडविला. यावरून दिसते की, अशा बालकाचे भवितव्य केवळ शल्यवैद्याच्या हातावर ठरत नाही. ते किती लवकर आणि कोणत्या अवस्थेत त्याच्यापर्यंत पोहोचते, यावरही ठरते.

आपल्याकडील स्थिती

भारतात बालशल्यचिकित्सा ही स्वतंत्र शाखा म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आली. भारतीय बालशल्यवैद्यांची संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात मुंबईतील परळचे, १९२९ पासूनचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आणि महापालिकेची मोठी रुग्णालये या शाखेची केंद्रे बनली. मुंबई विद्यापीठाच्या १९९५ ते २००० या काळातील कुलगुरू म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेल्या दिवंगत डॉ. स्नेहलता देशमुख या मुळात बालशल्यचिकित्सकच होत्या. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अधिष्ठातापदाचीही धुरा त्यांनी वाहिली. त्यांच्या पिढीने ही शाखा येथे रुजविली आणि पुढील पिढ्यांना शिकविली.

तरीही आपल्याकडे अशी बालके दगावण्याची कारणे आजही बव्हंशी शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरची आहेत. निदानास उशीर, तोवर झालेला न्युमोनिया, कमी वजन, दूरच्या प्रवासात बालक थंड पडणे आणि जंतुसंसर्ग. यांतील पहिल्या दोन कारणांचा संबंध थेट घराशी आहे. जन्मलेल्या बाळाला मध चाटविणे, घुटी किंवा साखरपाणी देणे ही अनेक घरांतील प्रेमाची रीत. परंतु ज्या बाळाची अन्ननलिका बंद आहे, त्याच्या बाबतीत तोच पहिला घोट फुप्फुसात उतरतो. बाळाच्या तोंडातून सतत फेसाळ लाळ येत असेल, पुसली तरी पुन्हा येत असेल, पाजताच ते ठसकत, गुदमरत वा निळे पडत असेल, तर पुन्हा पाजून पाहू नये. तोंडाने काहीही न देता, डोके किंचित उंच ठेवून, उबदार गुंडाळून त्यास तत्काळ डॉक्टरांच्या स्वाधीन करावे. गरोदरपणात गर्भजल प्रमाणाबाहेर वाढले असल्यास प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांशी या शक्यतेविषयी बोलावे. कारण गर्भातील बालक जे पाणी एरवी गिळते, ते या विकारात गिळता येत नाही.

आणखी एक गोष्ट. व्यंग घेऊन बाळ जन्मले की आपल्या समाजात आईकडे बोट दाखविले जाते. तिने ग्रहणात काही चिरले असेल, अमुक खाल्ले असेल, असे म्हटले जाते. शास्त्र याला दुजोरा देत नाही. गर्भात आरंभी एकच नळी असते, आणि गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास तिच्यापासून श्वासनलिका वेगळी होऊ लागते. हा विकार उद्भवतो तो त्या विलगीकरणात अडथळा आल्याने. तेव्हा कित्येक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत हेही ठाऊक नसते. हा अडथळा नेमका का येतो, याचे संपूर्ण उत्तर विज्ञानापाशीही नाही. पण तो आईच्या अपराधाने येत नाही, हे निश्चित. बाळाला शस्त्रक्रियेची गरज असते त्या घडीला आईला आधाराची गरज असते, दोषारोपाची नव्हे.

जोडलेल्या नळीचे पुढे

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे सारे संपले, असेही नाही. जोडाची जागा अरुंद झाल्यास ती दुर्बिणीतून रुंद करावी लागते. जठरातील आम्ल वर येण्याचा त्रास अनेकांना होतो. श्वासनलिकेची भिंत मऊ असल्याने बऱ्याच मुलांचा खोकला काही वर्षे खणखणीत, धातूवर घण पडावा तसा येतो. शेजारीपाजारी घाबरतात, घरच्यांना मात्र त्याची सवय होते. सोबत हृदय, मणका, मूत्रपिंड वा गुदद्वार यांचे दोष असू शकतात, म्हणून त्यांचीही तपासणी केली जाते. मूल घास नीट चावून, पाण्याबरोबर, सावकाश खाण्यास शिकते. ही मुले शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात, संसार करतात. प्रौढपणीही अधूनमधून अन्ननलिकेची तपासणी करून घ्यावी, एवढाच सल्ला त्यांना दिला जातो.

गिब्सनने छिद्र शोधले, स्टीलने अंतर मोजले, रिक्टर यांनी क्रम लावला, लॅनमन यांनी बत्तीस अपयशांचा हिशेब मांडला, आणि हेट यांनी जोड गळत असतानाही धीर सोडला नाही. यांपैकी कोणी आपली नोंद दडवून ठेवली असती, तर १९४१ चे यश आणखी लांबले असते. हेट यांच्याकडे ती मुलगी बाराव्या दिवशी पोहोचली होती आणि तरीही वाचली. आज तेच निदान जन्माच्या पहिल्या तासात, एका साध्या नळीने होऊ शकते. त्यासाठी प्रसूतिगृहात आणि घरात बाळाच्या तोंडावरचा तो फेस ओळखणारे कोणीतरी असले पाहिजे.